निमाईच्या गावाची वाट

माझा मुलगा आशिष गेल्यानंतर सव्वा वर्ष मी प्रार्थना केली नाही. चर्चमध्ये उपासनेला जात होतो. बायकोच्या, सुनंदाच्या, शेजारी बाकावर बसायचो, सगळे उठले की उठायचो, सगळ्यांनी डोळे मिटले की मीही मिटायचो. पण मिटलेल्या डोळ्यांच्या आत कोणी नव्हतं. पाळकसाहेबांनी एका रविवारी क्षमेवर उपदेश केला तेव्हा मी मधूनच उठून बाहेर आलो आणि फाटकापाशी उभा राहिलो. ते नंतर घरीही आले. भले गृहस्थ आहेत, बंगाली आहेत, आमच्या दुःखात त्यांनी आम्हाला परकं मानलं नाही. पण मी त्यांना म्हटलं, "साहेब, चहा घ्या. त्या विषयावर मात्र बोलू नका." त्यांनी चहा घेतला आणि ते गेले.

मी मूळचा नगर जिल्ह्यातला. वडील मिशनच्या शाळेत मास्तर, आई मंडळीतल्या बायकांना गाणी शिकवायची. बँकेच्या बदलीने बत्तिसाव्या वर्षी कोलकात्याला आलो, तीन वर्षांसाठी म्हणून, आणि इथलाच होऊन गेलो. डमडमला फ्लॅट घेतला. आशिष इथेच जन्मला, इथेच शिकला, सॉल्ट लेकमध्ये सेक्टर फाइव्हला नोकरीला लागला. त्याचं बांगला आमच्या मराठीपेक्षा सफाईदार होतं. मराठी तो फक्त आम्हा दोघांशी बोलायचा, तेही अडखळत, क्रियापदं चुकवत.

आमचं दोघांचं एकच वेड सारखं होतं, मोटरसायकल. माझी बुलेट जुनी, त्याची नवी. दर रविवारी पहाटे आम्ही निघायचो. बाली ब्रिजवरून गंगा ओलांडायची, डानकुनी मागे टाकायची, आणि मग दुर्गापूरचा हमरस्ता समोर मोकळा पडायचा. सिंगूरच्या पुढे चहा घ्यायचा आणि दहाच्या उपासनेला परत. ज्यांनी कधी असा रस्ता अंगावर घेतला नाही त्यांना सांगून कळणार नाही. दोन्ही बाजूंना बटाट्याची शेतं, वर एवढं मोठं आकाश, छातीवर वारा. घरात आम्ही बाप-लेक होतो. रस्त्यावर मात्र एका वयाचे. देवाशी माझं खरं बोलणं चर्चमध्ये नव्हे, त्या रस्त्यावर व्हायचं. हेल्मेटच्या आत मी आईने शिकवलेली गाणी मोठ्याने म्हणायचो. ऐकणारं कोणी नाही, म्हणजे तोच एक.

डिसेंबरमधल्या त्या रविवारीही मी गात होतो. धुकं विरलं होतं, कोवळं ऊन पडलं होतं. आशिष मागे होता. कधीतरी आरशात पाहिलं तर तो दिसला नाही. मला वाटलं, फोटो काढायला थांबला असेल, तशी त्याला सवय होती. मी पुढे गेलो. चहाच्या टपरीवर थांबलो आणि दोन चहा सांगितले. माझा मी प्यायलो. त्याचा मातीच्या भांड्यात निवत राहिला. मग फोन केला, तो कोणी उचलला नाही. दुसऱ्यांदा केला तेव्हा एका परक्या माणसाने उचलला.

मी पोचलो तेव्हा सगळं संपलेलं होतं. मागून आलेल्या एका लहान ट्रकने त्याला उडवलं होतं. ट्रक रस्त्याच्या कडेला तिरका उभा होता आणि ड्रायव्हर शेतातून पळून गेला होता. गर्दीतला एकजण मला सारखं सांगत होता, "दादा, थोडक्यात निसटला, नाहीतर सोडला नसता." मी त्याच्याकडे बघत होतो आणि माझ्या डोक्यात एकच हिशोब चालू होता. तो रस्त्यावर पडलेला होता तेव्हा मी गात होतो. ज्याच्यासाठी गात होतो, त्याला हे दिसत होतं. त्याने मला थांबवलं नाही.

ड्रायव्हर आठवड्याभरात सापडला. निमाई नाव त्याचं, सव्वीस-सत्तावीसचा. म्हणजे आशिषच्याच वयाचा. त्याला जामीन मिळाला. वर्षाने कोर्टात तारीख लागली तेव्हा त्याचा वकील उठून म्हणाला की मुलगा गाडीवर कसरती करत होता, अचानक ट्रकच्या पुढे आला. माझा आशिष! लाल दिवा नसलेल्या चौकातही थांबणारा मुलगा. निमाई मान खाली घालून उभा होता. त्याने ते नाकारलं नाही. त्या दिवशी कागदपत्रांतून मी त्याच्या गावाचं नाव टिपून घेतलं. आरामबागच्या अलीकडे, हमरस्त्यावरून आत.

तीन-चार महिने ते नाव माझ्या खिशात होतं. मग उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, आला. चर्चमध्ये तीन तासांची उपासना झाली. क्रुसावरचे शब्द एकेक करून वाचले जात होते आणि मी मनात त्या गावाचा रस्ता आखत होतो. दुसऱ्या दिवशी, शनिवारी दुपारी, मी बुलेटवरचं कापड काढलं. सव्वा वर्षात गाडी हलली नव्हती. दोन दिवस आधीच मी बॅटरी बदलून आणली होती आणि सुनंदाने त्याबद्दल काही विचारलं नव्हतं. ती ईस्टरसाठी करंज्यांचं सारण भाजत होती. मी म्हटलं, "सॉल्ट लेकला जाऊन येतो, पेन्शनचं काम आहे." शनिवारी दुपारी पेन्शनचं कुठलं काम असतं? तिने माझ्याकडे पाहिलं. एवढंच म्हणाली, "अहो, हेल्मेटचा पट्टा लावा."

खांद्याच्या पिशवीत टॉमी होती. टायर उतरवायची हातभर लांब लोखंडी कांब असते ती. मी त्याला मारायला निघालो होतो का? हे लिहितानाही मला ठाऊक नाही. पण टॉमी पिशवीत वरच्या बाजूला ठेवलेली होती, हात घातला की लागेल अशी.

पूल ओलांडला, डानकुनी गेली. ती जागा आली तेव्हा मी मान वळवली नाही, वेग वाढवला. तोच रस्ता, तीच शेतं, पण मोकळेपणाचा मागमूस नव्हता. सिंगूरनंतर मी हमरस्ता सोडला. तारकेश्वर मागे पडलं. साडेतीनच्या सुमाराला वायव्येकडे आकाश शाईसारखं काळं झालं. चैत्र-वैशाखात इथे असं वादळ येतं, कालबैशाखी म्हणतात. इथे तीस वर्षं राहणाऱ्याने ते ओळखून आडोसा शोधायला हवा होता. मी थांबलो नाही. निमाईच्या गावचा फाटा आला, मी अरुंद रस्त्यावर वळलो, आणि वारा आला. आधी धूळ, मग ताडाच्या झावळ्या, मग गारा. समोर एक फांदी आडवी पडली. मी ब्रेक दाबला आणि ओल्या पेंढ्यावरून गाडी माझ्यासकट रस्त्याखालच्या चरात गेली.

उजवा पाय गाडीखाली होता आणि तापलेला सायलेन्सर पोटरीवर. ती जळण्याची वेदना मी वर्णन करत नाही. गाडी हलेना. हेल्मेटवर गारा ताडताड वाजत होत्या, चरात पाणी चढत होतं. मी ओरडलो, पण त्या वाऱ्यात माझंच मला ऐकू येत नव्हतं. आणि मग सव्वा वर्षानंतर मी देवाशी बोललो. प्रार्थना नव्हती ती. मी म्हटलं, "आता मलाही मार. तोही असाच रस्त्याकडेला पडला होता. तेव्हा तू काही केलं नाहीस, आताही करू नकोस." अशा शब्दांत मी माझ्या देवबापाशी बोललो. लपवत नाही.

किती वेळ गेला, सांगता येणार नाही. डोक्यावर काहीतरी निळं आलं आणि गारा लागायच्या थांबल्या. एका म्हाताऱ्याने स्वतःच्या अंगावरचं प्लास्टिक माझ्यावर टाकलं होतं. त्याची इंजिन बसवलेली तीनचाकी गाडी वर रस्त्यावर उभी होती. एवढ्या वादळात सगळं गाव घरात बसलेलं असताना तो बाहेर का होता, हे मी त्याला विचारलं नाही. पुढे कधी विचारायची संधीही मिळाली नाही. दाढीतून पाणी गळत होतं, हातांच्या नुसत्या काड्या. त्या काड्यांनी त्याने बुलेट उचलून धरली आणि म्हणाला, "ओढ पाय. अल्लाचं नाव घे आणि ओढ."

मी पाय ओढला.

त्याने मला गाडीच्या फळ्यांवर निजवलं. "कुठे जायचंय?" त्याने विचारलं. माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. दिवसभर जे एकच नाव मनात होतं ते तोंडातून निघालं, "निमाईकडे."

"निमाईचे पाहुणे? मग आधी नाही का सांगायचं! हे काय, पुढच्या तळ्यापाशी घर."

अशा रीतीने मी त्या घरी पोचलो. पावलांनी चालत नव्हे, पिशवीत हात घालूनही नव्हे. भिजलेला, चिखलाने माखलेला, दुसऱ्याच्या खांद्यावर लटकलेला. म्हाताऱ्याने मला पडवीतल्या बाजेवर ठेवलं, दारातून ओरडून सांगितलं, "निमाईची आई, तुमच्याकडे पाहुणे आलेत, भाजलंय त्यांना," आणि माझी गाडी चरातून काढायला म्हणून परत वादळात गेला.

निमाईची आई माझ्याच वयाची असेल. विधवा. तिने मला कोण, कुठले, काही विचारलं नाही. उशी आणली. कुंपणातली कोरफड कापून आणली. "हाय रे, केवढं भाजलंय! दादा, पाय खाली सोडू नका. निमाई गाय आणायला गेलाय, येईलच." मग तिने मला कुरमुरे आणि चहा दिला. मी तो चहा प्यायलो. माझ्या मुलाच्या मारेकऱ्याच्या घरचा चहा मी दोन्ही हातांनी धरून प्यायलो, कारण मला थंडी वाजत होती. पिशवी माझ्या उशाशी होती.

निमाई आला तेव्हा पाऊस उणावला होता. त्याने गाय बांधली, वळला, आणि मला पाहिलं. कोर्टात त्याने मान वर केली नव्हती, तरी त्याने मला ओळखलं. दाव्यावरचा त्याचा हात तसाच राहिला. आई आतून म्हणाली, "अरे, उभा काय राहिलास? दादांचा पाय धुऊन दे, चिखल जखमेत जाईल."

तो नळाशी गेला. बादली भरून आणली. माझ्यासमोर उकिडवा बसला, माझी टाच तळहातावर घेतली आणि तांब्याने पाणी सोडू लागला. पडवीत आम्ही दोघंच होतो. आदल्या दोन दिवसांत चर्चमध्ये काय काय वाचलं गेलं होतं, येशूने शिष्यांचे पाय धुतल्याचं, क्रुसावरून क्षमा केल्याचं, ते मला त्या क्षणी आठवलं असं सांगितलं तर खोटं होईल. मी फक्त त्याच्या डोक्याकडे बघत होतो. केस बारीक कापलेले होते. हात पिशवीकडे नेला असता तर पोचला असता.

तो खालच्या आवाजात म्हणाला, "काकाबाबू, तुमचा मुलगा आपल्या बाजूनेच चालला होता."

त्याने आणखी एक तांब्या ओतला.

"मी झोपलो होतो. दोन रात्री गाडी चालवत होतो. डोळा लागला आणि आवाजाने उघडला. वकील म्हणाले, तू गप्प राहा, मी बोलतो. मी गप्प राहिलो."

"आणि पळून गेलास," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

"लगेच नाही गेलो." त्याने तांब्या खाली ठेवला. "तो जिवंत होता. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. पाणी तोंडाला लावलं, पण त्याला गिळता येईना, मग बोटाने ओठ ओले केले. तो बोलत होता. 'आलो, आलो' म्हणत होता. मला वाटलं त्याला दिसत नाहीये. ऊन तर पडलं होतं. मी त्याच्या हेल्मेटची अर्धवट उघडलेली काच पूर्ण वर केली, म्हटलं, दादा, हा बघ उजेड. तो पुन्हा म्हणाला, 'आलो.' मग थांबला." निमाई रडत नव्हता. "तेवढ्यात लोक काठ्या घेऊन धावत आले. मी त्याचं डोकं खाली दगडांवर ठेवलं आणि पळालो. ते खाली ठेवलं ना, तेच दिसतं मला रोज."

बांगलामध्ये 'आलो' म्हणजे उजेड. निमाईने तेच ऐकलं. पण आमच्या घरात आशिषला हाक मारली की तो आतल्या खोलीतून म्हणायचा, "आलो." त्याच्या मोडक्या मराठीतला हा एक शब्द कधी चुकला नाही. त्या वेळी तो कोणत्या भाषेत बोलला, मला माहीत नाही. उजेड मागत होता, की पुढे गेलेल्या बापाला सांगत होता, की त्याला दुसऱ्याच कोणी हाक मारली होती? पाळकसाहेबांनी नंतर मला यावर काही सांगू पाहिलं, मी त्यांना थांबवलं. मला त्याचा अर्थ लावायचा नाही. मला एवढंच कळलं की माझा मुलगा धुळीत एकटा मेला नाही. सव्वा वर्ष मी त्याला रोज एकट्याने मरताना पाहत होतो. आणि हे सांगू शकणारा माणूस पृथ्वीवर एकच होता.

मी रडलो. निमाईच्या आईला काही समजेना, ती धावत बाहेर आली, "फार दुखतंय का दादा?" म्हणाली. निमाईने तिला सांगितलं मी कोण ते. ती भिंतीला टेकून खाली बसली आणि तिने पदर तोंडात कोंबला.

म्हाताऱ्याने गाडी आणून दारात उभी केली होती आणि तो निघूनही गेला होता. ब्रेकचं पेडल आत वळलं होतं. निमाईने विचारलं, "काकाबाबू, लोखंडी काही आहे?" मी पिशवीतून टॉमी काढून त्याच्या हातात दिली. त्याने पेडल सरळ केलं, टॉमी फडक्याने पुसली आणि परत दिली. मी त्याला क्षमा केली असं म्हणालो नाही. त्यानेही मागितली नाही. निघताना मी एवढंच म्हटलं, "कोर्टात हे सांगशील?" तो म्हणाला, "सांगेन."

घरी पोचलो तेव्हा साडेआठ झाले असतील. सुनंदा दारातच होती. मी तिला सगळं सांगितलं, टॉमीसुद्धा. तिने पोटरीला बांधलेलं फडकं सोडलं, जखम पाहिली. मग तिने विचारलं, "डोकं त्याच्या मांडीवर होतं?"

"हो."

"नक्की?"

"नक्की."

तिने दोनदा मान हलवली. त्या रात्री ती झोपली. सव्वा वर्षात पहिल्यांदा मी तिचा झोपेतला श्वास ऐकला. ईस्टरच्या सकाळी पाय सुजला होता, आम्ही चर्चला जाऊ शकलो नाही.

निमाईने कोर्टात शब्द पाळला. वकिलाला न जुमानता त्याने गुन्हा कबूल केला आणि त्याला शिक्षा झाली. मी दयेचा अर्ज केला नाही. तेवढं मोठं मन मला अजून मिळालेलं नाही, आणि नाही ते आहे असं भासवण्यात अर्थ नाही. पण एक गोष्ट मी शिकलो. मी देवाला बोलावून आणायला निघालो नव्हतो, त्याच्याकडे पाठ करून निघालो होतो. मला पाडण्यावाचून त्या घरात नेण्याचा दुसरा मार्ग त्याच्यापाशी नव्हता. मी उभ्याने तिथे पोचलो असतो तर काय झालं असतं, या विचाराने आजही अंगावर काटा येतो. त्या म्हाताऱ्याला शोधायला मी नंतर दोनदा गेलो. तो दुसऱ्या गावचा, धान पोचवायला येणारा, एवढंच कळलं. त्याचं नावही मला माहीत नाही. त्याच्यासाठी मी रोज देवाचे आभार मानतो. प्रार्थना म्हणून सध्या मला तेवढीच जमते.

गेल्या महिन्यात सुनंदा म्हणाली, "मला त्या बाईला भेटायचंय." ती माझ्या मागे बसली आणि आम्ही गेलो. निमाईची आई आम्हाला पाहून दारातच थबकली. मग तिने पडवीत चटई टाकली. दोघी शेजारी शेजारी बसल्या. निमाईची आई म्हणाली, "मी रोज देवघरात ठाकुरांपुढे दिवा लावते. पण काय मागू तेच कळत नाही. माझा परत यावा म्हणू, तर तुमचा कुठे येणार आहे?"

सुनंदाने तिचा हात हातात घेतला आणि प्रार्थना सुरू केली. मराठीत. त्या बाईला एक शब्द कळत नव्हता, फक्त दोन नावं कळली असतील. आधी आशिषचं घेतलं, मग त्याच श्वासात निमाईचं. तळ्यावर बदकं ओरडत होती. प्रार्थना संपली तरी सुनंदाने डोळे उघडले नाहीत, त्या बाईचा हातही सोडला नाही. दोघी माझ्यासाठी थांबल्या होत्या.

मला वेळ लागला. मग मी आमेन म्हटलं.